व्हीलचेअर आहेत, पण दारात नाहीत

गेल्या आठवड्यात आईला ठाण्यातील एका रुग्णालयात नेले. दारात व्हीलचेअर नव्हती; अर्ध्या तासाने आधार कार्ड ठेवून एक मिळाली, तीही पाय ठेवायची पट्टी तुटलेली. वर एक्स-रे विभागाबाहेर मात्र 4 खुर्च्या रिकाम्या उभ्या! म्हणजे तुटवडा खुर्च्यांचा नाही, त्या परत आणण्याचा आहे. 'पुन्हा मिळेल न मिळेल' म्हणून वॉर्डातच दडवून ठेवतात, हे तिथल्या मावशींनीच हसत सांगितले. प्रत्येक खुर्चीवर आणि स्ट्रेचरवर क्रमांक रंगवा. दर पाळीत एका वॉर्डबॉयला त्या गोळा करून दारात आणण्याचेच काम द्या. नव्या खरेदीची निविदा त्यानंतर काढा. सैल ब्रेक आवळायला तर निविदाही लागत नाही.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे