मंत्रीमहोदय, १२ जुलै १९९५ या तारखेचं काय झालं?

मा. मंत्रीमहोदय,
अमेरिकेचं केंद्र सरकार, वॉशिंग्टन

सविनय नमस्कार.

वकिलाने केलेला इंग्रजी अर्ज तुमच्या दप्तरी पडलाच आहे. हे पत्र मी उघडपणे लिहिते आहे, कारण इथल्या माझ्या मराठी माणसांनीही ते वाचावं.

माझं सासर व्हिएतनामी आहे. माझे मोठे दीर गेल्या महिन्यात दरवर्षीप्रमाणे तुमच्या इमिग्रेशन खात्याकडे हजेरी लावायला गेले. तिथेच त्यांना बेड्या घातल्या. आता व्हिएतनामला पाठवणार म्हणतात. माझी विनंती एवढीच आहे, की तुमच्या सरकारने दिलेला शब्द पाळा. १२ जुलै १९९५ पूर्वी अमेरिकेत आलेल्या व्हिएतनामी माणसांना परत पाठवता येणार नाही, हे २००८ साली दोन्ही देशांनी माणसं परत पाठवण्याच्या करारात लिहून ठेवलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये नवा समझोता केलात आणि त्याच माणसांना परत पाठवायची वाट मोकळी केलीत. ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यांना कुणी विचारलं?

भावोजी १९८० साली आले तेव्हा सात वर्षांचे होते. माझे सासरे दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात, म्हणजे तुमच्याच बाजूने लढले. ३० एप्रिल १९७५ ला तिथली राजधानी सायगाव पडली. तुमची शेवटची हेलिकॉप्टरं वकिलातीवरून उडाली तेव्हा आवारात सुमारे ४२० माणसं वाट बघत उभी होती. तुम्हाला नेणार, असं त्यांना सांगितलेलं होतं! त्या वर्षी तुम्ही जवळजवळ १,३०,००० लोकांना आणलंत, ग्वाम बेटावर आणि कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडल्टन या लष्करी तळावर तंबू ठोकलेत, लोकमत विरोधात असताना राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मदतीच्या कायद्यावर सही केली. ते उपकार आमचं घर विसरलेलं नाही. पण जे मागे राहिले त्यांचं काय? सासरे तिथल्या नव्या कम्युनिस्ट सरकारच्या छावणीत डांबले गेले. सुटल्यावर बायकोमुलांना घेऊन मासेमारीच्या होडीतून निघाले आणि मलेशियाच्या पुलाऊ बिडाँग बेटाला लागले. समुद्रात बुडालेल्यांचा आकडा कुणी दोन लाख सांगतं, कुणी चार. सासूबाईंची धाकटी बहीण त्यातच गेली.

हो, भावोजींनी एकोणिसाव्या वर्षी मारामारीत गुन्हा केला. त्याची शिक्षा त्यांनी पूर्ण भोगली. १९९६ च्या तुमच्या कायद्याने जुने गुन्हेही उकरून काढले, ग्रीन कार्ड गेलं, आणि तेव्हापासून हा माणूस गॅरेज चालवतो, कर भरतो, बोलावलं की हजर होतो. अजून किती वर्षं शिक्षा?

आमच्या घरात आता कुणी धड जेवत नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. रात्री दाराशी खुर्ची टाकून बसतात. माझ्या मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेले पैसे वकिलाला गेले. पुण्याहून आईचा फोन येतो, तो घ्यायची मला भीती वाटते. कामावर मी हिशेब चुकवते, साहेब बोलतात, मी ऐकून घेते. हे सगळं तुमच्या कुठल्या फायलीत लिहिलेलं असतं?

युद्ध तुम्ही लढायचं, माणसं तिथली मरायची, आणि पराभव झाला की तुमच्या भरवशावर राहिलेल्यांनी कुंपणाला लटकायचं. १९७५ ला सायगावमध्ये तेच, २०२१ ला काबूलमध्ये तेच. सरकारं बदलली, पक्ष बदलले, वागणं तेच राहिलं. आणि आमच्या मंडळातले काही जण मला म्हणतात, "आपण कायदेशीर आलोय, आपल्याला काय त्याचं?" त्यांनाही सांगते, भावोजीही कायदेशीरच आले होते, याच सरकारच्या विमानातून, याच सरकारच्या शिक्क्यानिशी.

त्यांना सोडा. १९९५ ची अट पुन्हा लेखी मान्य करा. आणि भावोजींना मधुमेह आहे, इन्सुलिन लागतं. त्यांना कुठे हलवलंय, हे आजच्या आज वकिलाला कळवा.

आपली,
एक सून आणि एक मतदार,
वेस्टमिन्स्टर, कॅलिफोर्निया