मोसूलची फाइल

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: २००३ साली इराकमध्ये फौज न पाठवण्याच्या निर्णयाची कागदपत्रे खुली करणे

महोदय,

सप्रेम नमस्कार.

१४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने अमेरिकेला नाही म्हणून कळवले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये इराकवर चढाई करणाऱ्या अमेरिकेला तिथला ताबा सांभाळायला आपली एक अख्खी डिव्हिजन हवी होती, म्हणजे पंधरा-वीस हजार जवान. त्यांना उत्तर इराकमध्ये, मोसूलच्या बाजूला ठेवणार, अशा बातम्या तेव्हा छापून येत होत्या. नकार योग्यच होता. पण तो नेमका कशामुळे दिला, हे दोन दशके उलटून गेली तरी सरकारने धडपणे सांगितलेले नाही.

तेव्हा जाहीर केलेले कारण असे: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता, तर फौज पाठवण्याचा विचार करता आला असता. ऐकायला ठीक वाटते. पण १६ ऑक्टोबर २००३ ला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १५११ एकमताने मंजूर केला आणि इराकमधल्या बहुराष्ट्रीय फौजेला अधिकृत मान्यता दिली. अट बरीचशी पुरी झाली, तरीही आपण गेलो नाही. मग खरे कारण काय होते? पुढच्या वर्षी येणारी लोकसभा निवडणूक? आखातात राबणाऱ्या आपल्या लाखो माणसांची काळजी? की सेनादलाने दिलेला एखादा रोखठोक अहवाल? तो अहवाल असलाच, तर तो मला वाचायचा आहे. कारण तो लिहिणाऱ्याला अमेरिकेच्या संरक्षण खात्यापेक्षा जास्त कळत होते.

त्या उन्हाळ्यात तिकडे काय चालले होते ते पाहा. १ मे रोजी बुश साहेबांनी विमानवाहू नौकेवर उतरून मोठ्या लढाया संपल्याचे सांगितले. त्याच महिन्यात अमेरिकेचे प्रशासक म्हणून बगदादला गेलेल्या पॉल ब्रेमर यांनी दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाचे वरच्या फळीतले लोक सरकारी नोकरीतून गेले, दुसऱ्याने इराकचे सैन्यच बरखास्त झाले. लाखो शिकलेसवरलेले, हत्यार चालवता येणारे पुरुष एका सहीनिशी घरी बसले. आणि दारूगोळ्याची कोठारे? बरीचशी उघडीच पडली होती. तोफेचा एक जुना गोळा, जोडीला मोबाइल फोन नाहीतर गॅरेजचे दार उघडायचा रिमोट, आणि लपवायला रस्त्याकडेचा कचऱ्याचा ढीग, की झाला बॉम्ब तयार. एवढ्या सामानावर जगातले सर्वात महागडे सैन्य जेरीला आले. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड तेव्हा म्हणत होते की हल्ले करणारी ही जुन्या राजवटीची उरलीसुरली मंडळी आहेत. २००५ मध्ये उपाध्यक्ष चेनी म्हणाले, बंड शेवटच्या आचक्यांवर आले आहे. २००६ च्या फेब्रुवारीत समारा गावातली शियांची पवित्र अस्करी मशीद उडवली गेली आणि शिया-सुन्नी कत्तलींना ऊत आला. २००७ मध्ये तर अमेरिकेला फौज वाढवावी लागली.

संयुक्त राष्ट्रांचा निळा झेंडा असता तर आपण सुखरूप राहिलो असतो, हेही मला पटत नाही. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादच्या कॅनाल हॉटेलवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्याच कार्यालयावर, स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासह २२ माणसे गेली. आपल्या नकाराला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता.

आणि मोसूल? नोव्हेंबर २००४ मध्ये बंडखोरांनी तिथल्या पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि बहुतेक पोलीस पळून गेले. डिसेंबरात अमेरिकी तळावरच्या जेवणाच्या तंबूत स्फोट झाला, भर दुपारी, लोक पानावर बसलेले असताना. आपण गेलो असतो तर त्या तंबूत कोण बसले असते, हे मी साताऱ्याकडचा माणूस म्हणून विचारतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हटल्या की आमच्याकडून पीठच नाही, माणसेही जातात.

हे उगाच म्हणत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नोव्हेंबरात, इंग्रजांच्या ज्या तुकडीने इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरून बसरा घेतले, तिचे नावच सहावी (पूना) डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या वाटेवर तुर्कांचा मार खाऊन ही मंडळी कूट-अल-अमारा या गावात वेढ्यात अडकली. रसद संपली, तेव्हा घोडी कापली गेली. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे तोंडात घेतले नाही, उपासमार पत्करली. २९ एप्रिल १९१६ ला त्यांचे सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेले आणि सुमारे तेरा हजार जण कैदेत पडले. कितीतरी जण वाळवंटातल्या त्या पायपिटीत आणि कैदेत मेले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी बगदाद घेतले आणि त्यांचे सेनापती जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला: आम्ही जिंकायला नव्हे, मुक्त करायला आलो आहोत. तीन वर्षांत इराक पेटला. १९२० चे ते बंड मोडायला पुन्हा हिंदुस्थानातूनच पलटणी गेल्या. २००३ च्या फाइलवर कोणी हे टिपण ठेवले होते का, तेवढेच मला जाणून घ्यायचे आहे. दिल्लीत इतिहास कोणाच्या टेबलावर असतो, देव जाणे.

फौज पाठवली नाही म्हणून युद्ध आपल्यापर्यंत पोहोचले नाही, असेही झाले नाही. जून २०१४ मध्ये इसिसने मोसूल घेतले आणि बांधकामावर राबणारे आपले ४० मजूर ओलीस गेले; एक निसटला, ३९ तिथेच राहिले. बहुतेक पंजाबचे, काही हिमाचल, बिहार, बंगालचे. जवळपास चार वर्षे त्यांच्या घरच्यांना आशेवर ठेवले गेले. २० मार्च २०१८ ला राज्यसभेत ते मृत असल्याचे सांगण्यात आले. इसिसचे बळ कुठून आले याचा माग काढला, तर त्यात ब्रेमर यांच्या आदेशाने घरी बसलेले लष्करी अधिकारीही सापडतात. आजही तिथे इसिसचे उरलेले गट अधूनमधून डोके वर काढतात.

ब्रिटन त्या युद्धात गेला, फसला, पण निदान त्या युद्धाच्या चौकशीसाठी चिलकॉट समिती नेमली आणि २०१६ मध्ये बारा खंडांचा अहवाल लोकांपुढे ठेवला. सरकारला त्यातून शोभा आली नाही, तरी छापला. आपण तर बरोबर वागलो. मग लपवायचे कशाला? बरोबर निर्णय विचाराने झाला की सुंठीवाचून खोकला गेला, हे नुसता निकाल पाहून कळत नाही. उद्या कोणी बडा मित्र दुसऱ्या एखाद्या उद्ध्वस्त देशासाठी फौज मागेल, तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांच्या हाती मागची टिपणे असतील की पुन्हा अंदाजपंचे चालेल?

म्हणून विनंती अशी: मे ते ऑक्टोबर २००३ या काळातली मंत्रिमंडळ समितीची टिपणे, सेनादलाचे मूल्यमापन आणि अमेरिकेशी झालेला पत्रव्यवहार संसदेच्या पटलावर ठेवावा. जिथे खरोखरच धोका असेल तिथे नावे काळी करा, हरकत नाही. मात्र ठराव १५११ नंतर ‘आता का नाही’ या प्रश्नावर काय चर्चा झाली, तेवढी पाने कोरी पाठवू नका.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक मतदार