कुरिअर आलं तर घ्या, परत पाठवू नका

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

पुढच्या आठवड्यात दोन खोकी येतील. "कशाला खर्च केलास" हे फोनवर ऐकायचं नाही, म्हणून आधीच लिहितेय.

आई, लहान खोक्यात इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे. मिरजेत राहून पेटीतला तंबोरा! नाक मुरडशील, ठाऊक आहे. आपल्या भोपळ्याच्या तंबोऱ्याची सर त्याला नाहीच; २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगाच नाही. पण बोटं आखडल्यापासून तू खुंट्या पिळायला कंटाळतेस आणि त्यापायी रियाजच बुडतो. इथे नुसतं बटण फिरवायचं. काळी चारची पट्टी हल्ली चढ वाटते ना? मग खुशाल खालची पांढरी चार लाव. पहिली तार एरवी पंचमात, मालकंसाला मध्यमात घे, मारव्याला निषादात. फोनवरही तंबोरा वाजतो म्हणा, पण त्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज कुठला यायला? शिवाय ऐन आलापात मावशीचा फोन.

बाबा, मोठ्या खोक्यात दुर्बीण आहे, ८×४२. आठपट मोठं दिसतं, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दुकानदार दहापटीची गळ्यात मारत होता. पण पक्षी जितका मोठा दिसतो तितकीच हाताची थरथरही मोठी दिसते, आणि आठपटीत आवाका जास्त असल्याने कृष्णेच्या घाटावर उडता खंड्या चटकन सापडतो. एक काम मात्र आल्या आल्या करा, कारण तुमच्या एकाच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे आहेत. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याला स्पष्ट करून घ्या. मग डावा मिटा, चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवा. ती जमली की तिला पुन्हा हात लावायचा नाही. चष्म्यावरून बघणार असाल तर डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण आत फिरवा, नाहीतर दिसणारा गोल लहान होतो.

हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ घ्यायचा दादाचा हट्ट होता. मी मोडता घातला. बाबा दिवसभर मनगटच बघत बसले असते.

झोपायच्या खोलीतला पंखाही बदलतेय. जुना ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तिशीच्या आसपास. लाइट गेली तरी इन्व्हर्टर जास्त वेळ पुरेल आणि रात्री वेग कमी करायला उठावं लागणार नाही, रिमोट आहे. बसवायला वायरमन शनिवारी येईल. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर त्याच्याकडून काढून घ्या, हा पंखा त्यावर चालवायचा नसतो. पैसे दिलेत, चहा तेवढा द्या.

तुमची,
मनू