अँटेनाला तोंड असतं

बडोदे, १९ जानेवारी

प्रिय बंड्या,

यंदाही उत्तरायणला आला नाहीस. तुझ्या वाटचं उंधियू मी खाल्लं, त्यानं माझं पोट अजून दुखतंय. पण पत्र त्यासाठी नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा आपला एक खटला निकाली निघालाय आणि तू हरलायस.

परवा गच्चीवर मांजा गोळा करत होतो. पाण्याच्या टाकीमागे आपली जुनी टीव्हीची अँटेना अजून उभी आहे, कबुतरांच्या कृपेने पांढरी झालेली, दांड्यांत चार पतंगांचे सांगाडे. आठवलं? तुझा लाल पतंग तिच्यात अडकला, तो सोडवायला आपण ती खाली उतरवली आणि घाईत उलटी बसवली. संध्याकाळी पडद्यावर नुसत्या मुंग्या. तू वर, मी जिन्यात, अप्पा खाली टीव्हीपुढे. "आलं का?" "होतं ते पण गेलं!" शेवटी मी म्हटलं, ती उलटी आहे. तू म्हणालास, "माशाच्या काट्याला कसलं तोंड आणि कसली पाठ? कसाही लाव." मार दोघांनी खाल्ला.

तर ऐक. तोंड असतं. आणि ते कसं असतं हे कळल्यावर मी टाकीला टेकून बराच वेळ बसून राहिलो.

माझी समजूत अशी होती की अँटेना लहरींना ढकलते, कर्ण्यासारखी. तसं काहीच नाही. एकटी नळी, म्हणजे अँटेनाची एक दांडी, पुढे जेवढं पाठवते तेवढंच मागे पाठवते. दिशा येते ती दोन नळ्या शेजारी आल्यावर, आणि तीही एकमेकींच्या लहरी खोडून. आमच्या ओसरीवरचा झोपाळा आठव. दोघांनी एकाच वेळी धक्का दिला की तो उंच जातो. एकाने पुढे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी मागे रेटला तर जागचा हलत नाही, ताकद दोघांचीही लागली असली तरी.

आता आपली अँटेना घे. मधली नळी मी पट्टीने मोजली, जवळपास ७५ सेंटीमीटर. ही नळी साधारण अर्ध्या तरंगलांबीची असते. म्हणजे लहर दीड मीटरची, सुमारे २०० मेगाहर्ट्झची. समज, दोन नळ्या पाव लहरीच्या, म्हणजे साडेसदतीस सेंटीमीटरच्या अंतरावर ठेवल्या आणि मागचीला पाव झोका आधी सुरू केलं. मागचीची लहर पुढच्या नळीपाशी पोचते नेमक्या त्या क्षणी, जेव्हा पुढचीही हलायला लागते. दोघींचा धक्का एकत्र, पुढे जोर दुप्पट. उलट दिशेला बघ. पुढची मुळातच पाव झोका उशिरा निघालेली, तिला मागे यायला आणखी पाव लागतो. अर्धा झोका झाला. एक वर, दुसरी खाली, मागे शून्य. नवी शक्ती कुठून येत नाही हो, मागची पुढे जाते एवढंच. ऐकतानाही हिशोब हाच, म्हणून टीव्हीची अँटेनासुद्धा एकाच बाजूचं नीट ऐकते.

गंमत म्हणजे आपल्या अँटेनात वायर एकाच नळीला जोडलेली होती, बाकीच्या नुसत्या आडव्या. मी लहानपणी त्या शोभेच्या समजायचो. पण आलेल्या लहरीने त्यांच्यातही प्रवाह उठतो आणि त्या स्वतः पुन्हा लहर सोडतात. नळीची लांबी जराशी बदलली की त्या प्रवाहाची वेळ पुढेमागे होते. म्हणून मागची नळी जरा लांब, पुढच्या जरा आखूड. तू उलटी बसवलीस तेव्हा लांब नळी नेमकी ट्रान्समीटरच्या बाजूला गेली होती. बसवलीस तूच, मी फक्त पाना धरला होता.

ही कल्पना १९२६ सालची, जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठातली. कष्ट मुख्यतः शिंतारो उडा यांचे. पण त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी ती इंग्रजीत जगापुढे नेली आणि जग तिला नुसतं 'यागी' म्हणायला लागलं. आपल्याकडेही असंच होतं म्हणा.

खरा धक्का मला पुढे बसला. तिरुपतीजवळ गडंकी इथे वातावरणाचा अभ्यास करणारं रडार आहे. ५३ मेगाहर्ट्झचं. त्यात अशाच तीन-तीन नळ्यांच्या १०२४ अँटेना, ३२ ओळींत ३२, मैदानात उभ्या. ते काहीही न फिरवता आकाशात आपला झोत तिरका करतं! एनसीसीत रांग वळवायचो, तसं. डावीकडचा आधी निघाला, त्याच्या शेजारचा किंचित उशिरा, मग तिसरा आणखी उशिरा, की रांग तिरकी होते आणि तिचं तोंड उजवीकडे वळतं. लहरींची रांगही तशीच वळते. प्रत्येक अँटेनाला थोडी थोडी वेळ चुकवून वीज द्यायची, बस. उटीला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९७० मध्ये उभी केलेली, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी ५३० मीटर लांबीची दुर्बीणही उत्तर-दक्षिण अशीच वळते. १०५६ नळ्या आहेत तिच्यात. पूर्व-पश्चिम मात्र ती खरोखरच फिरवावी लागते.

सगळं निर्दोष नसतं. मुख्य झोताच्या आजूबाजूला छोटे फाजील झोत उरतातच. अँटेना एकमेकींपासून फार लांब ठेवल्या तर भलत्याच दिशेला मुख्य झोताएवढाच दुसरा झोत उभा राहतो. आपल्या गल्लीतल्या भोंग्यांसारखं, बोलतो एकाशी, ऐकतो अख्खा दांडिया बाजार.

भंगारवाला काल येऊन गेला. अ‍ॅल्युमिनियमचा भाव चांगला म्हणाला. मी दिली नाही. पतंगांचे सांगाडे काढले, नळ्या पुसल्या, आणि लांब नळी मागे करून पुन्हा घट्ट बसवली. टीव्हीला जोडलेली नाही, तरी.

पुढच्या वर्षी ये. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दिगू

ता. क. तो लाल पतंग माझा होता असं तू अजून म्हणतोस का?