आधी पेठांतले वाडे उभे करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुण्याच्या हद्दवाढीचा विषय निघाला की नकाशावरच बोललं जातं. मी पोस्टमन होतो, म्हणून पायांच्या हिशेबाने लिहितो.

सदाशिव पेठेत, 411030 च्या बटवड्यावर, माझी 31 वर्षं गेली. सायकल बोळाच्या तोंडाशी लावायची आणि पायी आत. एका वाड्यात 14 बिऱ्हाडं. चौकात उभं राहून हाका मारल्या की 14 घरांचं टपाल संपलं. मनिऑर्डर असेल तरच जिना चढायचा. शाळा, दवाखाना, गिरणी, मंडई सगळं चालत. (सकाळी संडासापुढे टमरेलांची रांगही लागायची. ते दिवस कुणालाच परत नकोत.)

आता मुलाकडे पिसोळीला असतो. जून 2021 मध्ये 23 गावं पालिकेत आली, त्यातलं हे एक. क्षेत्रफळात पुण्याने तेव्हा मुंबई महापालिकेलाही मागे टाकलं, त्याचं फार कौतुक झालं. आमची सोसायटी 11 मजल्यांची, म्हणजे दाटी इथेही आहेच. पण गेटबाहेर पडीक शेत, मग गोडाऊन, मग पुढची सोसायटी. कोथिंबिरीच्या जुडीला गाडी काढावी लागते. पहाटे टँकर येतो. वॉचमन टाकीत काठी बुडवतो, ओली खूण बघतो आणि वहीत वेळ टाकतो. पेठेत शंभर पावलांत मला 40 दारं लागायची. इथे दोन सोसायट्यांमध्ये दहा मिनिटांची चाल आणि एकही दार नाही. तेवढी जलवाहिनी, ड्रेनेज, दिवे कुणाच्या जिवावर टाकणार? बसचंही तेच. मधल्या थांब्यांवर चढायला माणूस नाही, मग फेऱ्या वाढणार कशा?

तिकडे मंडईच्या पोटातून सप्टेंबर 2024 पासून मेट्रो धावतेय आणि आजूबाजूचे वाडे टेकूवर उभे आहेत. दर पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून नोटीस लागते, पाऊस संपला की विसरली जाते. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आत 4 पर्यंत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळतो म्हणे. पण तो रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर. आमच्या बोळात दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं! तेव्हा चार-पाच वाडे एकत्र करून, मधे चौक राखून, बेताच्या उंचीच्या इमारती बांधू द्याव्यात आणि भाडेकरूंना तिथेच घरं द्यावीत. मालकाचे वारस आणि भाडेकरू यांना एका सतरंजीवर बसवणं सोपं नाही, हे मी दारोदार फिरून ऐकलंय. पण ते काम पालिकेनेच अंगावर घ्यायला हवं.

पेठांत आधीच गर्दी आहे, असं कुणी म्हणेल. आहे, पण ती गाड्यांची. त्या 14 बिऱ्हाडांच्या वाड्यात मी निवृत्त झालो तेव्हा तीनच उरली होती, बाकी खोल्यांत पुस्तकांचे गठ्ठे. परवा मुद्दाम जाऊन आलो. वाडा पाडलाय, तिथे पे अँड पार्क आहे. 21 गाड्या मोजल्या.

— एक निवृत्त पोस्टमन, पिसोळी