बिघडलेले कार्ड टोपलीत कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की नाशिकमध्ये शाळांपासून सोसायट्यांच्या सभागृहांपर्यंत शुभेच्छापत्रे तयार करण्याच्या कार्यशाळा भरतात. रबरी ठशांनी चित्रे उमटवणे मुलांना विशेष आवडते. मात्र ठसा जरा सरकला किंवा शाई फरफटली, की ते कार्ड टोपलीत टाकून मुलाच्या हाती नवा कागद देण्याची पद्धत सर्रास दिसते. कागद वाया जातो हे तर आहेच. पण ठसेकामातील काही उत्तम तंत्रे याच चुकांतून शिकवता येतात आणि ती संधी हातची जाते, याकडे आयोजकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

ठसा दाबताना हात डुलला, तर चित्राभोवती रबराच्या कडेच्या रेघा उमटतात. त्या एकाच बाजूला असल्या तर डाग वाटतात. पण ठशाची कड मुद्दाम टेकवून चारही बाजूंनी घेतल्या, तर लाकडी ठोकळ्यावरून छापलेल्या चित्राचा भास होतो. ठसा फिका उमटल्यास पुन्हा शाई न लावता तो शेजारी आणखी एकदोनदा उमटवावा आणि मग शाई लावून एक गडद ठसा घ्यावा. पक्ष्यांचे चित्र असेल, तर गडद पक्षी जवळचा आणि फिके पक्षी लांब उडत गेलेले दिसतात. नको तेथे शाईचा थेंब पडलाच, तर जुन्या टूथब्रशने त्याच शाईचे शिंतोडे कार्डभर उडवावेत.

शाईची जातही पाहावी लागते. डाय शाई, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई, पाण्याने पसरते, त्यामुळे फरफटलेला रंग ओल्या ब्रशने पुढे ओढला की जलरंगासारखी छटा मिळते. रंगाचे बारीक कण असलेली पिगमेंट शाई सावकाश वाळते आणि मुलांचा हात लागून तिची कार्डे फार बिघडतात. परंतु ती ओली असतानाच वर सोनेरी एम्बॉसिंग पावडर (उष्णतेने वितळून उठाव देणारी भुकटी) भुरभुरून, जादा पावडर झटकून हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, तापवली, तर पणतीच्या ज्योतीला लागलेला फराटासुद्धा उठावदार सोनेरी झळाळीचा होतो. (हीट गन अर्थातच मोठ्यांच्या हाती असावी.)

टपाल तिकिटे आणि पासपोर्ट छापणाऱ्या, नाशिकरोडला १९२५ पासून असलेल्या सरकारी प्रतिभूती मुद्रणालयात छपाईतील चूक चालत नाही आणि चालूही नये. हाताने केलेल्या कार्डाला मात्र तो निकष लावण्याचे कारण नाही. गंमत अशी, की १८५४ च्या चार आण्यांच्या ज्या भारतीय टपाल तिकिटांवर राणी व्हिक्टोरियाचे मस्तक उलटे छापले गेले, ती संग्राहकांच्या लेखी अतिशय मोलाची आहेत.

प्रत्येक चुकीला कला म्हणावे, असा माझा आग्रह नाही. शुभेच्छेचा मजकूर उलटा उमटला, तर त्यावर नवी पट्टी चिकटवणे हाच सरळ उपाय आहे, आणि चकचकीत कागदावर शाई वाळतच नसेल, तर दोष कागदाच्या निवडीचा आहे. तरीही नवा कागद देण्यापूर्वी मुलांसमोर टूथब्रश, ब्रश आणि रंगीत कागदाचे तुकडे ठेवावेत, आणि स्पर्धांमध्ये नीटनेटकेपणाच्या गुणांबरोबर बिघडलेले कार्ड सावरण्यासाठीही काही गुण राखावेत, अशी आयोजकांना विनंती आहे.

आपली,
एक हस्तकला शिक्षिका, नाशिकरोड