नवं भिंग पाठवलंय, रागावू नका

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

पार्सल उद्या-परवा पोचेल. आत भिंगं आहेत, एक सोडून दोन. न विचारता घेतली. आणि तुमचं ते ‘३०’ लिहिलेलं भिंग गणपतीहून निघताना मीच पर्समध्ये टाकून आणलंय. तेव्हा आईला उगाच कपाट उपसायला लावू नका.

चोरी का केली, ते सांगते. त्या दुपारी तुम्ही १९१८ चा राजाछाप रुपया नाकाला टेकवून बसला होतात. कमळाखाली मुंबई टांकसाळीचा ठिपका दिसेना, म्हणून नाण्याच्या पाकिटावर बिनठिपक्याची टांकसाळ ‘कलकत्ता’ लिहून मोकळे झालात. ठिपका होता, बाबा. पण तेव्हा ते तोंडावर सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

यात दोष भिंगाचाच जास्त. भिंग जेवढ्या जास्त पटीने मोठं दाखवतं, तेवढं नाण्याच्या जवळ जावं लागतं. पाचपटीला पाच सेंटीमीटर, दहापटीला अडीच. तीसपटीला तर एकसुद्धा उरत नाही. मी घरी पट्टी लावून बघितलं, तुमच्याचं अंतर अडीच भरलं. म्हणजे ते जेमतेम दहापटीचं आणि ‘३०’ नुसतं लिहिण्यापुरतं. शिवाय चौकटीच्या वहीवर धरलं तर कडेच्या रेघा धनुष्यासारख्या वाकतात, वर निळी-पिवळी झालर.

नवं मोठं आहे ते पाचपटीचं. त्यात रुपया जवळजवळ अख्खा दिसतो. प्रत ठरवताना तेच लागतं ना? मिशी-कान किती झिजलेत, चकाकी नाणं फिरवल्यावर फिरते का, कुणी घासलंय का. तुम्हीच शिकवलंत. छोटं तीन काचांचं, खरं दहापटीचं. ते फक्त १८६२ च्या राणीछाप रुपयावरचे बारीक ठिपके मोजायला. खर्च विचारू नका, दिवाळीची साडी घेतली नाही असं समजा.

तुमची खुर्ची, तुमची वेळ, चहाचा कप, काही बदलायचं नाही. फक्त ट्यूबलाइटखाली बसू नका, त्यात सगळं सपाट दिसतं. टेबललॅम्प एका बाजूने, तिरका. खाली पंचाची घडी, नाणं निसटलं तरी कड दबणार नाही. काम झालं की भिंग डबीत. खिडकीत ठेवायचं नाही म्हणजे नाही, त्या टेबलक्लॉथचं भोक मी विसरलेले नाही. आई, तू चिंचेचं पाणी नाण्यांच्या डब्याच्या आसपाससुद्धा नेऊ नकोस.

आता डोळ्यांचं. थोडा दोष तिथेही आहे. १२ तारखेची वेळ घेऊन ठेवलीय, नुसतं तपासायला. मोतीबिंदू निघालाच तर मी रजा काढून येईन, मागच्यासारखं फोनवर नाही. आई, रिक्षा सांगून ठेव, ते चालत जातो म्हणतील.

मांडीवर बसवून १९११ चा रुपया दाखवायचात, आठवतं? राजाच्या झग्यावरचा तो हत्ती. “हत्ती की डुक्कर?” मी दर वेळी डुक्कर म्हणायचे. तेव्हाच्या लोकांनाही तेच दिसलं आणि सरकारला १९१२ मध्ये हत्ती सुधारावा लागला, हे सांगताना तुम्ही असे खूश व्हायचात की जणू निकाल माझ्याच बाजूने लागलाय. नव्या भिंगाखाली तो आधी बघा आणि मला फोन करा.

मग सवडीने तो १९१८ चा. पाकिटावर मी काही खोडलेलं नाही.

तुमची,
छकुली